तहहयात अध्यक्ष

बंडूजीच्या नातवाचं, हर्षितचं, जावळ गिरडच्या टेकडीवर काढलं ते साल दोन हजार सोळा. त्याच दिवशी टेकडीच्या पायथ्याशी भारतीय नागरी शिक्षण व लोकसेवा संस्थेचा जन्म झाला. म्हणजे बंडूजीच्या डोक्यात झाला. नातवाच्या डोक्यावरचे केस गेले आणि आज्याच्या डोक्यात संस्था आली, असं त्याची बायको गोपिका पुढं कितीतरी वर्षं सांगत होती.

कारण साधं होतं. बंडूजी पाणी प्यायला गेला, तिथं कुठल्याशा संस्थेनं टाकी बसवली होती. टाकीला नळ एकच, तोही गळका. पण अध्यक्षाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलेलं, की खालच्या रस्त्यावरून वाचता यावं. बंडूजीनं ते दोनदा वाचलं आणि पाणी प्यायचं विसरला. त्याची बासष्ट वर्षं शेतात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवण्यात आणि जाम गावच्या चौकात ते विकण्यात गेली होती. ग्रामपंचायतीला तो तीनदा उभा राहिला आणि तीनदा पडला. शाळेच्या समितीत तो सदस्य, पाण्याच्या समितीत सदस्य, गणपतीच्या मंडळातही सदस्य. मरायच्या आधी एकदा तरी आपल्या नावापुढं अध्यक्ष लागावं, एवढीच त्याची इच्छा होती. नागरी शिक्षण आणि लोकसेवा त्या वाटेत पडत होती म्हणून तो तिच्यावरून चालायला तयार झाला.

जामला निकेशचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं. त्यानं सांगितलं, नोंदणीला सात माणसं लागतात आणि एक नियमावली लागते. माणसं बंडूजीनं आणावी, नियमावली आपण आणू. मग त्यानं कुठल्यातरी मासेमारी संस्थेची नियमावली शोधून तिच्यातले मासे काढून टाकले आणि नागरिक घातले. बंडूजीनं त्यात आपल्या पदरचं एकच कलम घालायला लावलं: संस्थापक अध्यक्ष तहहयात पदावर राहील. हे लोक मानतील का, अशी शंका निकेशला आली.

"लोकं वाचत नाईत रे बाप्पा," बंडूजी म्हणाला. "लोकं सही करतात."

बंडूजी धरून सहा माणसं गोळा झाली, सातवं मिळायचं होतं. अडचण अशी, की बंडूजीला काय हवं ते सगळ्यांना त्याच्या आधीच कळलं होतं. त्यामुळे माजी सरपंच चिंधू यानं पहिल्याच बैठकीत आपण अध्यक्ष होणार असं जाहीर केलं. पाच वर्षं गाव चालवलं, नागरिक म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, असं त्याचं म्हणणं. त्या पाच वर्षांत गावात किती नाल्या झाल्या ते बंडूजीनं विचारलं. बंडूजीच्या घराचं सांडपाणी कुठं जातं ते चिंधूनं विचारलं. नागरी शिक्षणाच्या संस्थेची पहिली बैठक अशी एकमेकांच्या बापापर्यंत जाऊन संपली. दुसरीही तिथंच संपली.

तिसऱ्या बैठकीत चिंधूनं पुनाजीचं नाव काढलं. पुनाजी म्हणजे गावाच्या टोकाला राहणारा म्हातारा गोंड, वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर गिरडच्या बाजूच्या जंगलात मजुरी केलेला. दोन महिन्यांपासून तो खाटेवर होता. वर्ध्याच्या डॉक्टरांनी, घरी न्या आणि मागेल ते खाऊ घाला, असं सांगून त्याला परत पाठवलं होतं. पुनाजीचं नाव निघताच सगळ्यांना ज्येष्ठांचा मान आठवला. संस्थेचं एकमत झालं ते हे पहिलंच. तहहयातच्या कलमाचीही कोणाला भीती उरली नाही, कारण ती हयात पंधरा दिवसांच्या वर जाईल असं कोणालाच वाटत नव्हतं. पुढं निवडणूक लागली की उरलेल्या सहा मतांतली चार आपली, असा बंडूजीचा हिशेब होता. चिंधूचाही चारचाच होता.

सगळे मिळून पुनाजीकडे गेले. खाट दारातच होती. बंडूजीनं पुनाजीच्या अंगावर शाल पांघरली, ती खाटेच्या पायापर्यंत आली.

"अध्यक्षाले काय करा लागते?" पुनाजीनं विचारलं.

"काईच नाई. पडून राहाचं."

"ते तं मी दोन महिन्यांपासून करूनच राह्यलो."

"म्हणून तं तुमचं नाव निघालं, पुनाजीबुवा," चिंधू म्हणाला.

पुनाजीनं अंगठा दिला. मग बायकोकडे, रामबाईकडे, मान वळवून तो गोंडीत काहीतरी बोलला आणि रामबाई तोंडाला पदर लावून हसली. बाकीच्यांना गोंडी येत नव्हती. त्यांनी तो आशीर्वाद धरून हात जोडले. महिनाभरानं गोपिकेनं नळावर रामबाईला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "म्हणे, हे सबन माह्या मराची वाट पाहून राह्यले. आता थोडं थांबूनच पाहतो."

आणि तो थांबला. नोंदणीचा कागद वर्ध्याहून आला त्या दिवशी त्यानं दीड भाकर खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात तो उठून बसला, कारण नात स्वीटी त्याला नियमावली वाचून दाखवत होती आणि पडल्या पडल्या ऐकणं त्याला अध्यक्षाला शोभणारं वाटेना. मग कागदावर आपला अंगठा पाहून त्याला लाज वाटली. स्वीटीनं जुनी पाटी काढली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुनाजी 'प'ला उकार देऊ लागला. तोपर्यंत बंडूजीनं जामच्या पेंटरकडून पत्र्यावर 'संस्थापक अध्यक्ष' असा आपल्या नावाचा बोर्ड रंगवून आणला होता. तो त्यानं गोठ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला. रोज सकाळी तो पुनाजीच्या तब्येतीची चौकशी करायला जायचा आणि रोज थोडा उतरल्या चेहऱ्यानं परत यायचा.

"बरे हायेत काय पुनाजी?" गोपिका विचारायची.

"बरे हायेत," बंडूजी एखादी वाईट बातमी सांगावी तसा सांगायचा.

नियमावलीत लिहिलं होतं, दर महिन्याला सभा होईल आणि लागोपाठ तीन सभांना न येणाऱ्याचं सदस्यत्व जाईल. हे कलम मूळचं मासेमारांचं, निकेशनं काढायचं राहिलेलं. पुनाजीनं ते धरलं. पहिली सभा त्यानं खाटेवर बसून घेतली. दोन महिने दारात पडून त्याला एकच गोष्ट दिसली होती: बंडूजीच्या मोरीतून निघणारं पाणी रस्त्यानं वाहत येऊन आपल्या उंबऱ्याशी थांबतं. पहिला ठराव त्याच पाण्याचा झाला. बंडूजीनं तो लिहून घेतला, कारण सचिव तोच होता. कुदळ घेऊन नालीही त्यानंच खोदली, आणि पुनाजी काठी टेकत तिथं येऊन उभा राहिला. खाट सोडून तो बाहेर आला तो त्या दिवशी पहिल्यांदा. गावातली निम्मी माणसं ते पाहायला आली. बंडूजी चिखलात गुडघाभर होता आणि लोक पुनाजीच्या पाया पडत होते.

मग राशनच्या दुकानापुढं ओळ लागली. ओळीत पहिला उभा पुनाजी, त्यामुळे कोणाला मधे घुसता येईना. मग दर रविवारी सकाळी सहाला गावाची नाली साफ व्हायला लागली, पुनाजी तीही सभाच धरायचा, आणि सहा सदस्य सदस्यत्व जाईल या भीतीनं हातात फावडी घेऊन तिथं हजर. सोडावं तर दुसरा अध्यक्ष होणार, म्हणून चिंधू सुटत नव्हता. चिंधू सुटत नव्हता म्हणून बंडूजीही.

दोन वर्षांनी संस्थेला बोर्ड हवा म्हणून पुनाजीनं जामच्या पेंटरला बोलावलं. पेंटर भला माणूस होता. या संस्थेचे दोन बोर्ड आपण आधीच रंगवले आहेत, तिसऱ्यात थोडी सूट देतो, असं तो म्हणाला. पुनाजीनं ते दोन्ही मागवले. एक बंडूजीच्या गोठ्यातून आला, एक चिंधूच्या माळ्यावरून. दोघांनी एकमेकांचा बोर्ड पाहिला आणि दोघंही एकाच वेळी गुटखा थुंकायला बाहेर गेले.  पत्रा चांगला आहे, एवढंच पुनाजी म्हणाला. एसटीच्या थांब्यावर छप्पर नव्हतं. ते त्या दोन पत्र्यांचं झालं, अक्षरं खालच्या अंगानं. पुढं सहा वर्षं बंडूजी बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या पोत्यावर बसून, मान वर करून, आपण अध्यक्ष आहोत असं वाचत होता. शेजारच्या पत्र्यावर चिंधूही होता. चिंधूला ते सहन झालं नाही. त्यानं संस्था सोडून भजनी मंडळ काढलं आणि तिथं अध्यक्ष झाला. त्याला गाता येत नव्हतं, पण मंडळात तो एकटाच होता.

दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात बंडूजीला कावीळ झाली. ती उतरली, पण त्याचं खाणं गेलं, मग बोलणंही गेलं. वर्ध्याहून त्याला घरी पाठवताना डॉक्टरांनी मागेल ते खाऊ घालायला सांगितलं. गोपिकेला हे वाक्य ओळखीचं होतं. नवरा काहीच मागत नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडला होता. चार दिवस तिनं वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी ती पुनाजीकडे गेली. पुनाजी तेव्हा शहाऐंशीचा होता आणि अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"पुनाजीबुवा," ती म्हणाली, "तुमाले त्या अध्यक्षपदानं खाटेवरून उठवलं. यायले बी एकडाव देऊन पाहा."

पुनाजीनं कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"पह्यलेच काऊन नाई मांगतलं, माय? मी आठ वर्षं वाट पाहून राह्यलो. सबन माह्या मरणावर टपून होते, मांगतलं कोणीच नाई."

त्यानं स्वीटीकडून कागद मागितला. राजीनाम्याच्या तीन ओळी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिल्या, त्याला पाऊण तास लागला. मग शिक्का आणि नियमावली पिशवीत घालून तो काठी टेकत बंडूजीकडे गेला आणि खाटेशी बसून त्यानं कागद वाचून दाखवला. बंडूजीनं डोळे उघडले. चार दिवसांत त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"काम काय काय पडलं हाये?"

पुनाजी सांगू लागला. शाळेमागची नाली, अंगणवाडीचा नळ, राशनच्या दुकानावरची भांडणं. यादी एवढी लांब होती की ती निम्मी व्हायच्या आत बंडूजी कण्हत उठून बसला आणि त्यानं गोपिकेला चष्मा मागितला. संध्याकाळी त्यानं वाटीभर पेज घेतली. पोळ्याला तो स्वतःच्या पायानं बैलांच्या तोरणापाशी गेला. लोकांनी त्याला अध्यक्षसाहेब म्हणून हाक मारली. ती त्यानं ऐकून न ऐकल्यासारखी केली, म्हणजे लोक पुन्हा मारतील.

त्याच्या अध्यक्षतेखालची पहिली सभा त्याच आठवड्यात झाली. भाषण त्यानं आठ वर्षांपासून पाठ करून ठेवलं होतं, पण ते उपयोगी पडलं नाही. तो उभा राहिला, दोनदा खाकरला आणि खाली बसला. मग सगळेच दोन मिनिटं उभे राहिले, चिंधूसुद्धा. पुनाजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, तीन सप्टेंबर दोन हजार चोवीसला, आपल्या घरी वारला होता.