नागोराव मामांचं कोमट पाणी

नागोराव मामांच्या दुकानात बांगड्या भरायला गेलं, की आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून बसावं लागतं. पाणी कोमट असतं, जर्मलच्या पातेल्यात असतं आणि त्यात पिळलेल्या लिंबाची साल तरंगत असते. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून थकलेला असो, मामा आधी बोटं बघणार. मनगटाचा नंबर नंतर. बांगडीचं माप विचारायच्याही आधी ते म्हणतात, "नखं दाखवा."

आखाडा बाळापूरच्या बाजारगल्लीत बांगड्यांची आणखीही दुकानं आहेत. तिथं पाच मिनिटांत काम होतं, मामांकडे पाऊण तास. तरी बायका मामांकडेच जातात. जाताना नावं ठेवत जातात आणि येताना बोटं उन्हात धरून बघत येतात.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला लहानपणापासून खोड आहे, आणि मामांच्या बाबतीत तर मी ते नाक वर्षभर खुपसून ठेवलं होतं. एक कासार, ज्याचा धंदा बांगड्या विकायचा, तो नखांच्या मागे का लागतो? तेही फुकट? याचं उत्तर मला मिळालं ते माझ्या आईच्या हातामुळे. पण आईकडे येतेच, आधी मामा.

बदली होऊन आले त्याच महिन्यात मी बांगड्या घ्यायला गेले होते, शाळा सुटल्यावर, तशीच. मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, माझा अंगठा उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, "खडू." बस्स. दर सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत पन्नास पोरांची नखं तपासणारी मी, खाली मान घालून पातेल्यासमोर बसले.

गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "मामा, एवढं काय त्या नखांचं? नख म्हणजे मेलेल्या पेशी. कापलं तरी कळत नाही. पुस्तकात आहे."

मामांचा हात थांबला. "मेलेलं हाय म्हणता?"

"हो."

"मग वाढून काहून राहिलं?"

मी समजावलं, की मुळाशी जिवंत पेशी असतात, त्या नवीन नख तयार करतात आणि जुनं पुढं ढकलतात.

"मुळाशी जितं हाय ना? मग तसं म्हणा की. मेलं मेलं म्हणून काहून बदनाम करता बिचाऱ्याला?" असं म्हणून त्यांनी माझ्या करंगळीकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मी तिची माफी मागायची तेवढी राहिले.

मामांचे नियम सगळ्या गल्लीला पाठ आहेत. हात आधी भिजवायचे. मग जुन्या मऊ ब्रशनं नखाखालचा मळ काढायचा. कडुनिंबाच्या काडीला फडकं गुंडाळून नखाच्या मुळाची कातडी हळूच मागे सारायची, पण कापायची नाही. "ते नखाचं दार हाय. दार तोडलं की घरात कोनीबी शिरतंय." नख बोटाच्या मांसाबरोबर ठेवायचं आणि कानस एकाच अंगानं फिरवायची. मागंपुढं घासणारी बाई मामांच्या नजरेतून कायमची उतरते. शेवटी करडीच्या तेलाचा एक थेंब आणि जुन्या धोतराच्या तुकड्यानं घासणं. इतकं झालं की नख आतून उजेड आल्यासारखं दिसतं. मग मामा "बराबर" म्हणतात आणि मग कुठे बांगड्यांचं खोकं उघडतं.

हळद काढणीच्या दिवसांत बायकांची नखं पिवळीजर्द होतात, कापूस वेचताना बोंडांनी बोटं फाटतात. त्या दिवसांत मामांच्या दुकानात लिंबाच्या सालींचा ढीग लागतो. प्रत्येकीला ते घरी करायला अभ्यासही देतात आणि पुढच्या वेळी तपासतात. माझ्या विद्यार्थ्यांनी माझा अभ्यास इतक्या धाकानं केला असता तर निकाल वेगळा लागला असता.

नेलपॉलिशच्या बाटल्या दुकानात आहेत, पण पार वरच्या फळीवर. मागितली तर देतात, मात्र चेहरा असा करतात की वाटावं, बाईनं उंदराचं औषध मागितलं.

एकदा वारंगा फाट्याकडची एक नवरी चुडा भरायला आली, सोबत आई आणि दोन मावश्या. पोरीनं शहरातून आणलेली लांबलचक नकली नखं चिकटवलेली. मामांनी एका नखावर टकटक केलं. "हे काय बसवलंय?" नवरी लाजून म्हणाली, "फॅशन हाय मामा." मामा म्हणाले, "चुडा भरतो, पण तुझ्या हाताला. ह्या प्लॅस्टिकला न्हाई." मग साबणाचं कोमट पाणी आलं, तेल आलं आणि तासभर एकेक नख सुटत राहिलं. मावश्या चिडल्या, नवऱ्या मुलाचे तीन फोन येऊन गेले. मामांनी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांचं एकच चाललं होतं, "हात ढिल्ला सोडा. नखाला तकलीफ द्यायची न्हाई."

पुरुषही सुटत नाहीत. डोंगरकड्याकडचा एक मेंढपाळ पिना घ्यायला आला आणि पातेल्यात अडकला. तो म्हणाला, "मामा, मेंढरांची खुरं मी कापतो. माझी खुरं तुमी कापून राहिलात." मामा हसले नाहीत. खूर कधी कापता, कुठून धरता, रक्त येऊ नये म्हणून काय करता, सगळं विचारून घेतलं. पावसात खूर मऊ पडतं, तेव्हा कापायला सोपं जातं, असं कळल्यावर मामांना इतका आनंद झाला की पिना तशाच दिल्या. "बघा मास्तरीनबाई, मेंढराला सुदिक आधी भिजवतात," हे मला पुढे महिनाभर ऐकावं लागलं.

का करतात हे सगळं, असं मी गल्लीत विचारून पाहिलं. शिवणकामवाली म्हणाली, गिऱ्हाईक धरून ठेवायची युक्ती आहे. किराणावाला म्हणाला, डोक्याचा स्क्रू ढिला आहे. मामांनाच विचारलं, तर म्हणाले, "हात ढिल्ला सोडा."

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली होती. दुकानाला मागच्या बोळात एक ओटा आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली की मामा पातेलं घेऊन तिकडे जातात. तिथं चार-पाच म्हाताऱ्या बसलेल्या असतात, हात भिजवत, गप्पा हाणत. नात्यातल्या असतील, असं मला वाटायचं. दुकानात न येता त्या मागच्या ओट्यावर का बसतात, हा प्रश्न मला सुचला नाही. बाकी सगळे सुचले.

आता आई. बाबा गेल्यावर मी तिला गावाहून माझ्याकडे घेऊन आले. तिच्या हातात कायम हिरव्या बांगड्या असायच्या. आई कुठल्या खोलीत आहे ते आम्हाला आवाजावरून कळायचं. बाबा गेले त्या दिवशी बायकांनी त्या बांगड्या फोडल्या. मी शेजारी उभी होते. विज्ञान शिकवणारी मी, तोंडातून शब्द काढला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तेव्हापासून आईचे हात पदराआड. जेवताना बाहेर यायचे, की परत आत. कुणी आलं तर चहासुद्धा मला न्यायला लावायची. नखं वाढून तुटली होती, लुगड्याच्या धाग्यात अडकायची, पण मला कापू देईना. मी नव्या बांगड्यांचा विषय काढला तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामांकडे चल म्हटलं तर म्हणाली, "कासाराच्या दुकानात माझं काय काम आता?"

तिचा हात पदरातून बाहेर यावा, एवढीच माझी इच्छा होती. मी मामांना सगळं सांगितलं. मामा कधी नव्हे ते माझ्या नखांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाजाराच्या दिवशी दुपारी आणा. मागून."

खोटं बोलूनच नेलं तिला, भाजी आणायला म्हणून. बोळात शिरलो. ओट्यावर तीन म्हाताऱ्या होत्या. त्यांचे सहाही हात पाण्यात होते आणि सहाही मनगटं मोकळी होती. वर्षभर मी त्या बायका पाहत होते, आणि आईच्या शेजारी उभी राहिल्यावर मला ती मनगटं दिसली.

आईनंही पाहिलं. ती मागे वळणार, तेवढ्यात मामा पातेलं घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "माय, जरा उपकार करता का? मी हे नखाचं काम नवीनच शिकून राहिलो. शिकायला हात पाहिजे. ह्या तिघींच्या हातावर गिरवून झालं."

मी तोंड उघडलं, तशी एका म्हातारीनं माझ्या पायाला चिमटा काढला.

आई संकोचली. पण समोरचा माणूस अडला आहे म्हटल्यावर तिच्यानं राहवत नाही. ती बसली. पदर हलला. डावा हात बाहेर आला आणि पाण्यात गेला.

पुढे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मामांनी कानस घेतली आणि करवतीसारखी मागंपुढं चालवली. मामांनी! आईनं दोन वेळा सोसलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "अवो, एका अंगानं घासा की! विळ्याला धार लावून राहिलात का?"

"असं व्हय?" मामा म्हणाले. "अन् कातडी कापू का ही?"

"कापू नका! कुनी शिकवलं तुमाला?" आणि दुसरा हात आपोआप बाहेर आला, कारण काडी कशी धरायची ते दाखवायचं होतं. कितीतरी महिन्यांनी आई कुणावर तरी ओरडत होती. शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "लई कच्चे हायत ते. आमी सांगून सांगून थकलो."

मामा मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तुमची मास्तरीन म्हणती, नख मेलेलं असतंय."

"तिला काय कळतंय," आई म्हणाली. "वाढून तर राहिलं."

आई बायकांशी बोलत बसली आणि मी पिनांच्या निमित्तानं मामांच्या मागे दुकानात गेले. म्हटलं, "मामा, असं खोटं?"

ते खोकी लावत राहिले. माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"थोरली बहीण होती मला. आक्का. तिच्या लग्नाचा चुडा मीच भरला, पहिलाच माझ्या हातचा. रोज दुकानात येऊन बसायची. मग दाजी गेले. तवापासून आक्का समोरून जायाची ते रस्ता बदलून. गिऱ्हाइकाला अपशकुन नको म्हणून. बहीण माझी, अन् माझ्या दुकानासमोरून रस्ता बदलून! बांगड्या नेऊन दिल्या, तर परत धाडल्या. मग मी बसून विचार केला, की हातावरचं काय काय काढून घेतलं अन् काय ऱ्हायलं. नखं ऱ्हायली होती."

"मग?"

"मग तिला म्हणलं, आक्का, नवीन काम शिकायचंय, शिकायला हात दे. मागून आली. दर बाजाराला आली. ती जाईस्तोवर."

"किती वर्षं?"

"नऊ."

"मामा, एवढं शिकायला नऊ वर्षं लागतात?"

मामांनी खोक्याचं झाकण लावलं. "आठ दिवसांत आलं होतं," ते म्हणाले. मग दुसरं खोकं पुढं ओढत म्हणाले, "आता कुनाचा तरी हात पाहिजे मास्तरीनबाई. बाजाराची दुपार जात न्हाई."

त्यांनी मला पिना दिल्या. मी घरी येऊन मोजल्यासारखं करत त्या डबीत ठेवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या बाजाराला मी मुद्दामच काही बोलले नाही. दुपारी आईनं भांडी आवरली, खिडकीपाशी येऊन उभी राहिली.

"तुझे ते मामा शिकले का गं?"

"नाही. अजून कच्चेच आहेत."

"किती दिवस लागतात?"

"वर्षंसुद्धा लागतात म्हणे."

आईनं पदरातून हात काढले, बोटं उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मग पाणी तरी नीट कोमट ठेव म्हणावं त्यान्ला," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. "मागल्या बारीला पार गार झालं होतं."