अडतीस वर्षांचा ढीग

जमिनीला स्मरणशक्ती असते आणि सरकारी कार्यालयाला फाइल. दोन्हींपैकी जमिनीत गेलेलं तेवढं कधीतरी वर येतं.

दुधनी रस्त्यालगत पूर्वी जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवण्याची भट्टी होती. ती बंद पडून अडतीस वर्षं झाली. मालक वारले, कामगार पांगले, मागे राहिला काळ्या राखेचा ढीग. आमच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयाने त्याची सात वेळा पाहणी केली. (दर वेळी ढीग जागेवर आढळला.) मालकांना तीन नोटिसा पाठवल्या. निधनाचं कारण पुढे करून त्यांनी उत्तर दिलं नाही, याची गंभीर नोंद घेतली.

ढिगाशेजारी शेळ्या राखणारी शिवबाई राहते. तिची नात ओवी त्या ढिगावर घसरगुंडी खेळत वाढली. सात वर्षांची झाली, तरी काल शिकलेलं अक्षर तिला आज ओळखू येईना. पोटही सारखं दुखायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, तर रक्तात शिसं. शिवबाईने अहवाल आमच्याकडे दिला. आम्ही तत्परतेने कळवलं, की रक्त आरोग्य खात्याकडे. आमच्याकडे फक्त माती.

म्हणून सोमवारी ती मातीच घेऊन आली. एसटीतून आणलेलं राखेचं पोतं तिने आमचे प्रमुख सुबोधसाहेब यांच्या टेबलावर उपडं केलं.

“अहो बाई, विषारी असतं ते!” साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

“व्हय?” शिवबाई म्हणाली. “म्हंजी ठावं हुतं की तुमास्नी.”

साहेबांनी शिपायासाठी घंटा वाजवली. टेबल अकरा मिनिटांत स्वच्छ झालं.

“उद्या आनी एक आनते,” जाताना ती म्हणाली. “ढीग लई मोठा हाय.”

पंधरा दिवसांत ढीग हलला.

ओवीला औषधं सुरू आहेत. रक्त सुधारेल, पण डोक्यातलं गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शिवबाई कधी शाळेत गेली नव्हती. आता ती रोज ओवीशेजारी पाटी घेऊन बसते. शिवबाई ‘घ’पर्यंत पोचली आहे. ओवी ‘क’वर आहे. शिवबाई तिच्यासाठी थांबली आहे.

राख शहराबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये भराव म्हणून गेली. भराव उत्तम बसला. प्लॉट आठवड्यात संपले. घेणाऱ्यांनी रस्त्याची रुंदी विचारली, नळाची वेळ विचारली, दाराची दिशा तर दोनदा विचारली. भराव कुठून आणला, हे एकानेही विचारलं नाही.

त्यांना नावं ठेवू नयेत. आपण तरी घर घेताना कुठे विचारलं होतं?