मानद सल्लागाराची खुर्ची

‘बसल्या हाताले, बाई, गवत उगवते,
उठल्या हाताले, बाई, पानी वाट पुसते.’

भिवाजीची आई शेतात तण निंदताना हे म्हणायची. पुढच्या ओळीतल्या बाया झेलायच्या, मागच्या ओळीतल्या परत फेकायच्या आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसलेल्या दहा वर्षांच्या भिवाजीला वाटायचं, हे आपल्यालाच टोचून चाललं आहे. तो उठायचा आणि विळा घ्यायचा. या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. आईचं बाकी सगळं खरं होतं, पण पुढे जाऊन बसल्या हातासाठीही व्यवस्था होणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या व्यवस्थेला खुर्ची म्हणतात.

ज्याला काम द्यायचं नाही, त्याला अपमान करून घालवू नये. असा माणूस चिडून पुन्हा येतो. त्याला मानानं बसवावं. मानानं बसवलेला माणूस उठत नाही, हा सार्वजनिक जीवनाचा पहिला नियम आहे. (दुसरा नियम चहाविषयी आहे.)

भिवाजी चोवीस वर्षं मस्कतला होता. समुद्राचं खारं पाणी गोड करणाऱ्या एका कारखान्यात तो पंप खोलायचा, पुसायचा आणि पुन्हा जोडायचा. साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी कंपनीनं त्याला केक खाऊ घातला आणि विमानात बसवलं. तो गावी आला. गाव रिसोड तालुक्यात आहे, रिठदच्या थोडं अलीकडे उतरावं लागतं. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर ग्रामपंचायत आमचाही सत्कार करील.

आल्यावर आठ दिवस त्यानं झोप काढली. नवव्या दिवशी हात वळवळू लागले. घरातला नळ त्यानं दोनदा खोलून दोनदा बसवला, तेव्हा त्याची बायको रुख्मिणी म्हणाली, “त्या नळाचा जीव घेता का आता? जा ना, कुठं काम पाहा.”

तो गेला. सोबत मस्कतहून आणलेला बारा इंची पाना होता, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला.

इथे एक जुनी बाब नोंदवणं आवश्यक आहे. मस्कतला पोचल्यावर पहिल्याच महिन्यात भिवाजीनं घरी एक फोटो पाठवला होता. त्यात त्याच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट होतं. तिकडे पांढरं हेल्मेट इंजिनियरचं असतं आणि पिवळं बाकीच्यांचं. फोटोच्या दिवशी त्याच्या पिवळ्याचा पट्टा तुटला होता, म्हणून एका भल्या इंजिनियरनं स्वतःचं काढून पाच मिनिटं दिलं. ती पाच मिनिटं पुढे चोवीस वर्षं चालली. फोटो फ्रेममध्ये गेला. वडिलांनी गावाला सांगितलं, “पोरगं इंजिनियर झालं.” पुढे मुलगा उत्कर्ष वाशीमला शिक्षक झाला आणि त्याच्या लग्नाच्या परिचयपत्रातही छापून आलं : वडील – इंजिनियर, मस्कत. सून साक्षी त्या परिचयपत्रावरून आली. भिवाजी खोटं एकदाही बोलला नाही. त्याला फक्त खरं बोलायचं राहून गेलं.

तर काम. रिसोडला रामसिंगचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. भिवाजी दारात दिसताच रामसिंग स्टुलावरून उठला, एकुलती एक खुर्ची त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसली.

“साहेब! तुमी? बसा, बसा.”

“बसायले नाई आलो, रामसिंगभाऊ. तुमच्या हाताखाली काई करता येईन का म्हनून...”

रामसिंग इतका हसला की त्याला ठसका लागला. “मजाक करते साहेब! मस्कतचे इंजिनियर माह्या हाताखाली! गरिबाले लाजवून राह्यले का?” त्यानं चहा मागवला, शेजारच्या कापडाच्या दुकानातून शाल आणवली, फोटो काढला आणि तो ‘साहेबांची आपुलकीची भेट’ म्हणून मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. पाना नॅपकिनमध्येच राहिला.

तो फोटो तालुकाभर फिरला, त्यामुळे पुढचं काम सोपं झालं. (रामसिंगचं, गिऱ्हाईक वाढलं म्हणून; भिवाजीचं नव्हे.) त्यानंतर तो केनवडच्या एका डाळमिलमध्ये गेला, वाशीमच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत गेला, दोन हार्डवेअरच्या दुकानांत आणि एका कूलरच्या कारखान्यात जाऊन आला. सर्व ठिकाणी एकच प्रक्रिया आढळली, ती अशी :

अ) अर्जदार दिसताच उभं राहणं.
आ) खुर्ची पुसणं. (रुमालानं, रुमाल नसल्यास बाहीनं.)
इ) अर्जदारानं ‘मी जरा कामासाठी’ एवढं म्हणताच ‘होईन ना साहेब, पयले बसा तं खरं’ असं आश्वासन.
ई) चहा.
उ) शाल, नारळ, फोटो.
ऊ) ‘येत जा साहेब’ म्हणत मोटारसायकलवरून बसस्टँडपर्यंत सोडून येणं.

प्रक्रियेला सरासरी पस्तीस मिनिटं लागतात आणि तीत ‘नाही’ हा शब्द एकदाही येत नाही. मस्कतला लोक सरळ तोंडावर ‘नाही’ म्हणायचे. माणुसकी म्हणून कशी ती नव्हतीच. वर्षभरात भिवाजीकडे सोळा शाली, सोळा नारळ आणि नऊ स्मृतिचिन्हं जमली. स्मृतिचिन्हांपैकी सहांवर उधळलेला घोडा आहे. घोडा का, हे कोणी सांगू शकलं नाही. शाली रुख्मिणीनं गादीखाली घातल्या. गादी चार बोटं वर आली. पाना तिनं स्वयंपाकघरात नेला. नारळ फोडायला त्याच्यासारखं दुसरं हत्यार नाही.

आता कोणी म्हणेल, त्यानं सरळ सांगून का टाकलं नाही? सांगणार होता. पण गावच्या पंचायतीच्या ओट्यावर त्याला पहिल्यांदा खुर्ची मिळाली, तेव्हा त्याला वडील आठवले. त्याच ओट्याखाली वडील आयुष्यभर उभं राहून बोलले होते. वर ये, बस, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. खुर्ची तशी प्लॅस्टिकचीच होती, एक पाय जरा वाकडा. पण भिवाजी तिच्यावर टेकला आणि उठणं जड गेलं. एका टेकण्यात दोन माणसं बसली होती.

मग एप्रिल आला आणि गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरचा पंप बंद पडला. नेमकं सांगायचं तर बंद पडला नाही. तो फिरायचा, पण पाणी उचलायचा नाही. पंचायतीनं तत्परतेनं समिती नेमली. सरपंच वीरेंद्र अध्यक्ष झाला, आणि भिवाजी ‘मानद तांत्रिक सल्लागार’. त्याची खुर्ची विहिरीजवळ निंबाच्या सावलीत ठेवण्यात आली. सल्लागारानं सल्ला द्यावा, हात लावू नये, असं ठरलं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. इतकं उघड असलेलं लिहीत नाहीत.

पहिल्याच दिवशी पंचायतीचा पाणीवाला फुलचंद यानं बटण दाबलं. भिवाजीनं डोळे मिटून ऐकलं. घरघर होती, पण घरघरीत एक सुस्कारा होता, धापा टाकणाऱ्या माणसासारखा.

“फुलचंद, हवा धरून राह्यला तो. दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी झिजली, तिथून हवा घुसते. वीस मिन्टाचं काम हाय.” तो उठला.

“साहेब, तुमी बसा!” फुलचंद, वीरेंद्र आणि समितीचे सात सदस्य एकदम म्हणाले. गावात असं एकमत त्याआधी फक्त एकदा झालं होतं, वाळूच्या प्रश्नावर.

“अरे, पन वीस मिन्टं...”

“तुमचे हात काळे करायले लावले तं तालुक्यात तोंड दाखवू का मी?” वीरेंद्र म्हणाला. “मेकॅनिक येऊन राह्यला वाशीमहून.”

सल्ला इतिवृत्तात नोंदवला गेला. मेकॅनिक एकोणीस दिवस येऊन राह्यला. रोज सकाळी भिवाजी खुर्चीवर बसे, फुलचंद बटण दाबे, पंप सुस्कारा टाके, भिवाजी सल्ला देई. एकोणीस दिवसांत एकोणीस सल्ले झाले, सगळे ग्लँडच्या दोरीविषयी. समोरून बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन दीड किलोमीटरवरच्या एका शेतातल्या विहिरीकडे जात. भिवाजी त्यांच्याकडे पाहायचं टाळायचा. त्याचे हात मांडीवर पडलेले असत, आणि कधी कधी त्याला खरंच वाटे की बोटांच्या बेचक्यांत काहीतरी हिरवं उगवतं आहे.

शेजारची जमनाबाई मात्र टाळू द्यायची नाही. सत्तरीची बाई, कंबरेवर कळशी. रोज थांबायची.

“काय सल्लागार, आज काय सल्ला हाय?”

“तोच, जमनामाय.”

“बरं झालं. बदलू नोका. पाठ होऊन राह्यला आमाले.”

विसाव्या दिवशी एक मे. झेंडावंदनानंतर सत्कार ठेवला होता : ‘पाणीटंचाईच्या काळात बहुमोल मार्गदर्शन केल्याबद्दल’. विहिरीजवळच मांडव घातला. पहिल्या रांगेत उत्कर्ष, साक्षी आणि खास बोलावलेले साक्षीचे वडील. मागे बाया, रिकाम्या गुंडांसह. येताजाता सत्कारही होईल, पाणीही होईल, अशा हिशेबानं. वीरेंद्रनं सतरावी शाल भिवाजीच्या खांद्यावर घातली. बेचाळीस अंशांत लोकरीची शाल अंगावर पडली की माणसाला आदराचं खरं वजन कळतं.

“साहेबांनी दोन शब्द बोलावे!”

भिवाजी माइकसमोर उभा राहिला. तेवढ्यात मागून जमनाबाईचा आवाज आला, माइकची गरज नसलेला.

“बोला, सायेब, बोला. आमी ते शाल पिळून पेतो तवरीक.”

लोक हसले. भिवाजीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. व्याह्यांनी नवी टोपी घातली होती. साक्षी मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. त्यानं प्यायला पाणी मागितलं. गावात पाणी नव्हतंच.

“मी इंजिनियर नोतो,” तो म्हणाला.

साक्षीचा मोबाइल खाली आला.

“ते फोटोतली पांढरी टोपी दुसऱ्याची होती. माही पिवळी होती. मी तिथं चोवीस वर्सं पंप खोलत होतो. पाना, ग्रीस, दोरी. तेवढंच येते मले. पन ते येते. एकोणीस दिवस झाले, ते समोर धापा टाकून राह्यलं अन् मी बसून राह्यलो. मले सत्कार नोको. मले काम पायजे.”

 मग वीरेंद्र गहिवरून माइककडे धावला. “पाहा! याले म्हनते विनम्रता! एवढा मोठा मानूस, अन् स्वतःले फिटर म्हनून राह्यला!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अठराव्या शालीसाठी कापड दुकानाकडे माणूस धाडण्यात आला.

भिवाजी खाली बसणार होता. खुर्ची तिथेच होती, पाय थोडा वाकडा. तेवढ्यात बायांमधून रुख्मिणी उठली, मांडवाच्या मधून चालत आली आणि तिनं पिशवीतून पाना काढून त्याच्या हातात दिला. “सोळा नारळ फोडले म्या यानं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “आता ज्याचा हाय त्याले वापरू द्या.” आणि तिनं खुर्ची उचलून जमनाबाईपुढे ठेवली. “बस तू माय. तुले गरज हाय.”

काम वीस मिनिटांत झालं नाही. बावीस लागली, कारण फुलचंद दर मिनिटाला ‘साहेब, हात काळे होते’ म्हणत होता. मग पंपाचा सुस्कारा थांबला, पाइप थरथरला आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. त्या आवाजाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया गुंड घेऊन पळत होत्या.

व्याही हळूच जवळ आले. भिवाजी कोपरापर्यंत काळा होता. त्याला वाटलं, आता परिचयपत्राची गोष्ट निघणार.

“व्याही,” ते कानाशी म्हणाले, “आमच्या वावरातली मोटर बी असीच हवा धरून राह्यली. कवा येसान?”

त्या दिवसापासून भिवाजीला बोलावणी आली ती थांबली नाहीत. रामसिंगनं दुसरं स्टूल घेतलं. ‘साहेब’ गळून पडलं, त्याजागी ‘मिस्त्री’ आलं. समितीनं त्याच्या सत्काराचा विषय घेतला होता, पण ‘काम करणाऱ्यास शाल देण्याची तरतूद नाही’ असं आढळल्यानं तो तहकूब झाला. हे नियमाला धरूनच झालं.

वाचकहो, आपण गावाला हसलात, हे योग्यच केलंत. आपण शिकलेली माणसं. आपल्या घरी असा अडाणीपणा होत नाही. आपण फक्त आतल्या खोलीत ‘बाबा, तुम्ही बसा, तुम्हाला कशाला त्रास’ एवढंच म्हणून येतो, दार ओढून घेतो आणि गळका नळ दुरुस्त करायला माणूस मिळत नाही म्हणून हळहळतो.

त्या एक मेच्या संध्याकाळी भिवाजी रॉकेलनं हात पुसत अंगणात उभा होता. रुख्मिणीनं भिंतीवरचा फोटो उतरवला आणि पदरानं काच पुसली.

“फेकून दे तो,” तो म्हणाला. “समद्यायले फसवलं त्यानं.”

“मले नाई फसवलं.”

“म्हंजे?”

“आला त्याच दिवशी ओयखलं म्या. टोपी पाहा ना, पार भुवयांवर उतरून राह्यली. तुमचं डोकस्कं मले मालूम नाई का?”

“अन् चोवीस वर्सं बोलली काहून नाई?”

रुख्मिणीनं फोटो होता त्याच खिळ्यावर परत टांगला.

“तुमी कवा सांगता म्हनून,” ती म्हणाली, “मीबी बसूनच होती.”