स्वतंत्र की संलग्न

तळवडेकर काकांच्या घरी तुम्ही काहीही घेऊन जा, त्याच्यावर शिक्का बसतो. लग्नपत्रिका, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस हे तर झालंच. गेल्या दिवाळीत मी फराळाचा डबा दिला, तो चार दिवसांनी परत आला तेव्हा झाकणावर जांभळ्या शाईत 'आवक' आणि खाली तारीख. घासून घासून माझे हात दुखले, पण शाई काही जाईना. आता तोच डबा मी ऑफिसात नेते. कोणी विचारलं तर सांगते, माझ्या चकल्या शेजारी मिळाल्याचा पुरावा आहे.

मी वैशाली. बाळकुमला आमची आणि काकांची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे मला हे सगळं बघावंच लागतं.

काका कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं, शिक्का, वहीत नोंद, आणि मग ज्याचं त्याला. "वैशाली, कारखाना साहेब चालवतो असं लोकांना वाटतं. कारखाना आवक चालवते." निवृत्तीच्या दिवशी लोकांनी शाल दिली, नारळ दिला. काकांनी वर शिक्का मागून घेतला.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे पोच. मोबाईलवर त्यांना काहीही पाठवा, सुप्रभात पाठवा, पाककृती पाठवा, उत्तर एकच, 'पोचले.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या नाईकबाईंनी लिहिलं, 'आज पहाटे आमचे सासरे गेले.' खाली पहिलं उत्तर तळवडेकर काकांचं. 'पोचले.' नाईकबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. काकांना शेवटपर्यंत कळलं नाही की चुकलं कुठे. मी समजवायला गेले तर म्हणाले, "अगं, त्यांनी कळवलं, मी पोच दिली. एवढीही पोच नसावी माणसाला?"

काकू म्हणजे सुनंदाकाकू. गुडघ्यांमुळे दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत, कानही जरा मंदावलेत, पण जीभ शाबूत. आवाज बारीक आणि नेम अचूक. त्यांची एकुलती मुलगी मनीषा, म्हणजे मनी, कॅनडात असते. काकूंना फोनवर धड ऐकू येत नाही. काका फोन घेतात तो असा, "हां. बरं. नोंद घेतली. ठेवतो." म्हणून मनी दर रविवारी ईमेल लिहिते, चांगला लांबलचक, मराठीत. तो येतो काकांच्या फोनवर आणि फोन असतो काकांच्या शर्टाच्या खिशात. संध्याकाळी सातला काकू निवडायची भाजी बाजूला ठेवून सोफ्यावर काकांच्या शेजारी येऊन बसतात आणि काका वाचून दाखवतात.

वाचून म्हणजे काय, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"विषय, नातू. एक, दात पडला. दोन, शाळा सुरू झाली. तीन, थंडी आहे. चार, बाकी क्षेम."

"अहो, दात कसा पडला?"

"पुढचा."

"कुठला नाही विचारलं. कसा?"

"पडला म्हणजे पडला, सुनंदा. दाताला काय कारण लागतं?"

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन पानी पत्र येतं गं, आणि माझ्या वाट्याला चार कलमं. माझ्या लेकीचं पत्र आहे की नगरपालिकेची सूचना?"

मला राहवलं नाही. मला कधीच राहवत नाही, आमच्या घरी सगळे हेच म्हणतात. मी मनीला परस्पर कळवलं की बाई गं, तुझ्या आईला तुझं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी आणि मोठ्या अक्षरात वाचायचंय, काहीतरी कर. पंधरा दिवसांत टॅब आला. काकांनी आधी खोक्यावर शिक्का मारला, मग खोकं उघडलं.

मला बोलवायचं ना! पण नाही. "मातृभाषेत लावतो," म्हणाले आणि एकटेच बसले. टॅबने मराठीत नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग विचारलं, 'ईमेल कसा हवा? स्वतंत्र की फोनशी संलग्न?'

काका ताडकन उठले. काकूंनीच मला नंतर सांगितलं. "बघितलंस? घरात येऊन चार मिनिटं झाली नाहीत आणि विचारतो, स्वतंत्र की संलग्न! सेहेचाळीस वर्षं झाली म्हणावं लग्नाला!" आणि त्यांनी ठसक्यात 'संलग्न'वर बोट दाबलं. दाबल्यावर काकूंकडे असं बघितलं म्हणे, की जणू दुसऱ्यांदा हार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फोन खिशात टाकून फिरायला निघाले. काकू टॅब घेऊन गॅलरीत बसल्या, दाताचं ते जुनं पत्र उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीचे शब्द स्वतः वाचायला लागल्या. 'आई, अगं त्या दाताची गंमत सांगते, झालं काय, आरव पराठा खात होता आणि एकदम' इथपर्यंत आल्या आणि पत्र गायब. पडदा कोरा. 'फोन जवळ नाही.'

मी कपडे वाळत घालत होते. एकदम काकूंचा असा आवाज आला, जो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "अहो! मागे फिरा! दात गेला!"

काका गेटपाशी. वॉचमन, दूधवाला, नाईकबाई, सगळे वर बघायला लागले. काका चार पावलं मागे आले. "आलं!" काकू ओरडल्या. काका थांबले, वळले. "गेलं!" काका परत दोन पावलं आत. "आलं, आलं, तिथेच उभे राहा! हलू नका!" पूर्वी अँटेना फिरवायला एकाला गच्चीवर चढवायचे ना, तसे काका आमच्या कंपाउंडमध्ये बोगनवेलीला पाठ टेकून एका पायावर उभे. दोन्ही पाय का नाही, ते विचारू नका. "वाचून झालं का गो?" काका चिडले की मालवणीवर जातात. "माका काय हयच पुरून ठेवतलंस?"

आणि मग काकांना काय झालं कोणास ठाऊक. चेहरा एकदम उतरला. एका दमात दोन मजले चढून धापा टाकत वर आले, काकूंच्या हातातून टॅब काढून घेतला आणि म्हणाले, "आधी हे प्रकरण नीट समजून घेऊ." टॅब कपाटात. वर किल्ली. दात अर्धाच राहिला.

मी समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. काका, संलग्न म्हणजे टॅब तुमच्या फोनचंच दाखवणार. फोन घरात तर पत्र आहे, फोन बाहेर तर पत्र नाही. स्वतंत्र म्हणजे काकूंचा वेगळा पत्ता, मनी सरळ त्यांना लिहील. तुम्ही कुठेही उंडारा, यांचं पत्र यांच्यापाशी.

"म्हणजे एका घरात दोन आवक?"

"हो."

"उद्या म्हणशील दोन चुली."

"काका, त्यांना पत्र वाचायचंय. वाटणी नाही मागितली."

त्यावर काकांनी एक फाइल उघडली. विषय, टॅब. त्यात स्वतंत्रचे आक्षेप एका कागदावर, संलग्नचे दुसऱ्या. नाईकबाईंचं मत घेतलं, वॉचमनचं घेतलं. वॉचमन म्हणाला, फोन घरीच ठेवून फिरायला जा. काकांनी हेही लिहून घेतलं आणि पुढे 'विचाराधीन' असं लिहिलं. स्वतंत्रचा आक्षेप क्रमांक सात होता, 'हिला परस्पर कोणी लिहू लागले तर?' मी म्हटलं, कोण लिहिणार? म्हणाले, तेच तर माहीत नाही. तीन आठवडे हा पोरखेळ चालला. माझं डोकं इतकं फिरलं की एकदा मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं. माझं स्वतःचंच दार होतं, तरी वाईट वाटलं.

तिसऱ्या रविवारी सात वाजता काका नेहमीप्रमाणे सोफ्यावर बसले, चष्मा लावला, "विषय, बर्फ" म्हणाले. काकू आल्या नाहीत. आतून मटार सोलता सोलता म्हणाल्या, "राहू दे. मला नका वाचून दाखवू आता."

रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर काका भांडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. चहा ठेवला तो तसाच निवला. मी ऑफिसची घाई करत होते आणि मनात म्हणत होते, आता आणि कसला आक्षेप.

"वैशाली, दोन्हीकडून ती वाचणारच गं. संलग्न केलं तरी आणि स्वतंत्र केलं तरी."

"मग वाचू दे ना! तुमचं काय जातं?"

त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. मनीचं दाताचं पत्र. पराठा, त्यात अडकलेला दात, तो दात पराठ्याबरोबर गिळला म्हणून आरवने केलेला आकांत, मग तोच दात खुर्चीखाली सापडला, सगळं दोन पानं रंगवून लिहिलेलं. आणि शेवटी एक ओळ. 'आई, तू बाबांना विचारशील का, त्यांना माझी आठवण येते का? फोनवर ते ठेवतो म्हणतात आणि ठेवतात. तू विचार आणि काय म्हणाले ते मला कळव.'

"चार पत्रांत विचारलंय तिने," काका म्हणाले. "मी काय करू? ते वाक्य आलं की माझा आवाजच जातो. चौतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली. कोणी मेल्याची, कोणाला काढल्याची. कधी आवाज गेला नाही. हिच्यासमोर बसून कसं वाचू? एक ओळ गाळली तर तिला लगेच कळेल, म्हणून मग सगळ्याचीच कलमं करतो."

मी ऑफिसची पर्स खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले.

"आणि तिने स्वतः वाचायला घेतलं तर संध्याकाळी सातला ती माझ्याशेजारी येऊन कशाला बसेल? तेवढंच एक काम उरलंय मला."

त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली. मी त्यांना हट्टी म्हणत होते, आणखीही काय काय म्हणत होते.

थंड झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "कर स्वतंत्र," म्हणाले. "पत्र तिचं आहे. ज्याचं त्याला गेलं पाहिजे."

शनिवारी मी काकूंचा पत्ता तयार केला. नाव काय घालायचं विचारलं तर काका सवयीने म्हणाले, "सौ. तळवडेकर." काकू म्हणाल्या, "सुनंदा. नुसतं सुनंदा." पत्ता मनीला कळवला.

रविवारी मी मुद्दाम पावणेसातलाच जाऊन बसले. काकू सोफ्यावर, मांडीवर टॅब. काका लांब, जेवणाच्या टेबलाशी, पेपरमध्ये डोकं घालून. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं. सातला टॅब वाजला. काकूंनी बघितलं. मनीचं नाव होतं, खाली 'प्रिय आई'. मला वाटलं, आता उघडतील.

पण त्यांनी उघडलं नाही. एका बोटाने काहीतरी लिहायला लागल्या. एक अक्षर, मग शोध, मग दुसरं अक्षर. मी मदत करू का म्हटलं तर हात झटकला. चांगली दहा मिनिटं गेली.

काकांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला. मग उठून माझ्याकडे आले आणि दाखवला. सेहेचाळीस वर्षांत बायकोचं आलेलं पहिलं पत्र.

'विषय, मनीचं पत्र. आलंय. मी उघडलं नाही. इकडे येऊन वाचून दाखवा. सगळं. गाळायचं नाही.'

काका जाऊन बसले. वाचायला लागले. या वेळी कलमं नाहीत. बर्फात आरव कसा बसला, मग उठेचना, मनीने भोपळ्याचे घारगे केले ते कसे दगड झाले, सगळं. काकू इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मग शेवटची ओळ आली आणि काका थांबले.

काकूंनी टॅब काढून घेतला नाही. वाट बघितली. मग म्हणाल्या, "पुढे."

"आई," काकांनी घसा साफ केला, परत केला, "बाबांना विचारलंस का? त्यांना माझी आठवण येते का?"

"येते का?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी चालू होतं आणि ते पुसतही नव्हते. मीही रडत होते, त्यात लपवायचं काय.

"मान हलवलेली कॅनडात दिसत नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या हातातल्या टॅबवर उत्तराची जागा उघडून दिली. "लिहा."

काकांनी बोट वर धरलं. र सापडला. त्याला लावायचा काना-मात्रा सापडेना, तो काकूंनी दाखवला. मग ज. दोन अक्षरांना पाच मिनिटं लागली.

'रोज.'