पाय टेकला तर

"घाटी चढताना एकदाही पाय टेकायचा नाही," एवढीच पोस्टाची अट होती. १९५८ साली धामापूरच्या टपालासाठी एक सायकल मंजूर झाली आणि ती गावची उभ्या चढणीची घाटी चढू शकते की नाही, हे महिन्याभराने साहेब येऊन बघणार होते. चढली, तर हंगामी पोस्टमन गुरुदास कायम. नाही चढली, तर सायकल मालवणला परत आणि गुरुदास घरी परत.

पहिल्या दिवशी गुरुदास अर्ध्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडापर्यंत सायकलीवर चढला. तिथे सायकल त्याच्यावर चढली. पण गडी हटला नाही. दोन वेळा कुळथाची पिठी आणि दोन वेळा घाटी, असा त्याने नेम धरला. आठव्या दिवशी तो पाय न टेकता माथ्यावर पोचला आणि एकटाच ओरडला. दुर्दैवाने माथ्यावर हौसाबाईंचे घर होते.

"गुरुदासा, उद्या परत वर येतलंसच मां? मगे रिकामो कित्याक येतंस? खालसून माझे चार नारळ घेवन ये!"

नारळ आणणाऱ्याला भाताचे पोते नाकारता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात खुद्द हौसाबाई कॅरियरवर येऊन बसल्या.

"काकी, तू पण?"

"नारळ माझे, भात माझो, मगे मीच तेवडी परकी? चढताना माझे गुडघे दुखतत रे."

हौसाबाईंचे वजन दोन मणांच्या वर होते. पहिल्या दिवशी दोघेही करवंदीच्या जाळीत गेले. "सराव कर, सराव!" काटे काढत हौसाबाईंनी धीर दिला. पण महिना संपता संपता गुरुदास त्यांना घेऊन, त्यांच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकत, धाप न लागता माथा गाठू लागला.

परीक्षेला सगळा गाव घाटीच्या पायथ्याशी लोटला. बाबली गावकराने भगवतीला गाऱ्हाणे घातले, "माउली, आज तुझ्या ह्या लेकराचो पाय जमनीक लागाक देव नको गो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

साहेब किडकिडीत, पण संशयी होते. "पाय टेकला की नाही, हे मला खालून कसं दिसणार? मी मागे बसतो."

गावाचा श्वास अडकला. गुरुदासाला मात्र मागे कोणी बसले आहे, हेच नीट जाणवेना. तो तीरासारखा सुटला. वळणावर सवयीने त्याने विचारले, "काकी, गुडघे कसे आसत?"

"ठीक आहेत," साहेब घाबरून म्हणाले.

सायकल माथ्यावर पोचली. खालून आलेल्या आरोळीने आंब्यावरचे कावळे उडाले.

आठ दिवसांनी हुकूम आला. गुरुदास कायम झाला होता. पुढे लिहिले होते : 'मागे इसम बसलेला असूनही उमेदवार दमत नाही. असा धडधाकट नोकर घाटीवर वाया घालवणे खात्याच्या हिताचे नाही. सबब त्यास खाडीपलीकडच्या सात वाड्या देण्यात येत आहेत. सायकल जमा करावी. होडी मिळेल. वल्हवण्यास माणूस मिळणार नाही.'

"माउलीन ऐकल्यान!" बाबली हात जोडून म्हणाला. "आता पाय जमनीक लागूचोच नाय."

सोमवारी गुरुदास टपालाची पिशवी घेऊन खाडीवर गेला. होडीत आधीच नारळाचे पोते होते आणि पोत्यावर हौसाबाई.

"माझी धाकटी लेक पलीकडेच दिली आसा," त्या म्हणाल्या. "तू जातंसच मां?"