दोरीभोवती एक फेरी

आमच्या कबड्डी संघाचा सगळ्यात मोठा वैरी आमच्याच बाकावर बसायचा. समोरचा गडी आमच्यापैकी कोणाला पुसटसा हात लावून गेला, पंचांच्या ते लक्षात आलं नाही, आम्हीही आभाळाकडे बघत उभे राहिलो, की काशिनाथअप्पा बाकावरून उठायचे, टोपी सारखी करायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "पंचसाहेब, आमचा गडी बाद हाय. दिसलं मला."

आणि हे गृहस्थ आमचे प्रशिक्षक होते. पगारी!

मानवतला एका जिनिंगच्या शेठना कबड्डीचा भारी शौक. त्यांनी गावोगावचे दहा गडी उचलून जिनिंगमध्ये लावले होते. सकाळी कापसाच्या गंजीवर, संध्याकाळी मैदानावर, आणि पगार खरा खेळाचाच. मी डावा कोपरा सांभाळायचो. दिवाळी ते शिवरात्र एस.टी.ने जिल्हाभर हिंडून आम्ही सामने खेळायचो, आणि पंचांशी भांडण्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका हंगामात तीन मैदानांवरून आम्हाला हाकललं. त्यातल्या एका ठिकाणी आम्ही पंचांची शिट्टी विहिरीत टाकली होती, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. शेवटी शेठनी वैतागून जिनिंगच्या काट्यावर वजन करणारे अप्पा आमच्या डोक्यावर आणून बसवले. अप्पा तरुणपणी खेळलेले, नंतर पंच म्हणून उभे राहिलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाचा शिवदोरा, त्याच्या शेजारी शिट्टी. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही.

पंचांपुढे तोंड उघडलं की मैदानाला दहा फेऱ्या. नुसते डोळे वटारले तर पाच. पण त्यांचा खरा जीव पकडीत. चढाईवाला अंगावर आला की कोपऱ्यातल्या दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरून त्याला कोंडायचं, यालाच आम्ही साखळी म्हणतो. "हाडूक मोडलं तर मोडू द्या," अप्पा म्हणायचे, "हात न्हाई सोडायचा." एकदा माझा आणि शेजारी खेळणाऱ्या मुंजाभाऊचा हात सुटला, तर त्यांनी आम्हा दोघांना हातात हात घालून सबंध बाजारपेठेतून फिरवलं. पानवाल्याने लग्नाची तिथी विचारली. कापडवाल्याने शालू दाखवला.

मैदानाबाहेरही त्यांचं तेच. पुतणीच्या लग्नात वाढप्याने स्वतःच्या ओळखीच्या माणसाच्या पानात दोन बुंदीचे लाडू जास्त टाकले, तर भर पंगतीत अप्पा उठले. "दिसलं मला." स्वतःच्या मुलासाठी मुलगी बघायला गेले, चहा झाला, सगळं जुळत आलं, आणि हे व्याह्यांना म्हणाले, "पोरगं बिड्या वढतंय. दिसलं मला. उद्या म्हणाल, आमाला कामून सांगितलं न्हाई." सोयरीक मोडली. मुलगा नांदेडला निघून गेला आणि परत आला नाही. बायको आधीच वारली होती. अप्पा काट्यामागच्या खोलीत एकटेच स्वयंपाक करून खायचे. त्यांचं मूळ गाव कोणतं, हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "लांब हाय."

आणखी एक खूळ होतं. कोणत्याही मैदानावर गेलो की सामन्याआधी ते प्रेक्षकांच्या दोरीभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. संथ चालत, मान खाली घालून, दोरी धरून उभ्या राहिलेल्या लोकांचे हात बघत. आम्ही म्हणायचो, अप्पा नखं तपासायलेत.

ज्या हंगामाचं मी सांगतोय, त्यात आम्ही अप्पांच्या इमानापायी चार सामने हरलो. शेठ भडकले. त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "पूर्ण्याचा अंतिम सामना गेला तर संघ बंद. मंगळवारपासून कोणी फाटकात यायचं न्हाई." माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. बायकोला दिवस गेले होते, आणि त्या नोकरीशिवाय माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

पूर्ण्याच्या मैदानावर शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. आमचा भरवशाचा चढाईवाला पाय मुरगळून बाहेर बसला होता. बरोबरी होऊन खेळ लांबला असता तर आम्ही संपलोच असतो. त्यांचा गडी आत आला, माझ्याकडे झेपावला, त्याच्या पायाचा अंगठा माझ्या नडगीला घासला आणि तो परत पळाला. धुरळा एवढा की पंचांना काही कळलं नाही. तो हात वर करून गुण मागू लागला.

अप्पा उठले. "पंचसाहेब, डाव्या कोपऱ्याला पाय लागलाय. दिसलं मला."

पंच म्हणाले, "अंतिम सामन्यात बाकावरच्या माणसाचं मला धरता येत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग. लागला का?"

मी अप्पांकडे बघितलं नाही. म्हणालो, "न्हाई लागला."

आम्ही जिंकलो. परतताना शेठनी आपल्या जीपमध्ये पेढे वाटले. अप्पा त्या जीपमध्ये नव्हते, ते एस.टी.ने परत आले. माझा पेढा मी मुंजाभाऊला दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते ज्वारी निवडत बसले होते. मला वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी सूप बाजूला सारून मला बसायला जागा केली.

मी म्हणालो, "अप्पा, पाय लागला होता."

"मला कशाला सांगायलास? ज्यानं इचारलं त्याला सांगायचं व्हतं."

"नोकरी गेली असती, अप्पा."

"ठाव हाय. भ्या वाटलं तुला." त्यांनी सूप परत मांडीवर घेऊन दोन खडे वेचले. मग म्हणाले, "मलाबी वाटलं व्हतं."

आणि त्यांनी सांगितलं. गावात त्यांचं किराणा दुकान होतं. गावच्या संघात अप्पा कोपऱ्यावर, आणि त्यांच्या हातात हात असायचा तो सखारामचा. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला सखाराम. अकरा वर्षं ते दोघं एकमेकांचा हात धरून खेळले. एका पकडीत सखारामची करंगळी अप्पांच्या मुठीत मोडली, तरी दोघांनीही हात सोडला नाही. पुढे विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांच्याही गावात दिवसाढवळ्या वस्ती जाळली. दुकानाच्या पायरीवरून सगळं दिसत होतं. पलिते घेतलेली माणसं रोज दुकानात येणारी, एकेकाचं नाव ठाऊक असलेली. पोलिसांचा जमादार चौकशीला आला तेव्हा सखाराम त्याच्या शेजारी उभा होता. त्यानेच सांगितलं होतं, काशिनाथअप्पाला विचारा, त्यांनी पाह्यलंय.

"जमादारानं इचारलं. मी म्हणालो, मला काई दिसलं न्हाई." अप्पा खाली बघत बोलत होते. "सखारामनं निस्तं माझ्याकडं बगितलं. आठ दिवसांत लेकरं घेऊन गेला. कुटं, ते कुणाला ठाव न्हाई. त्याला कबड्डीचा लय नाद. येईल कुटंतरी दोरीशी. तोंड बदललं असंल, पर करंगळी वाकडीच असंल."

मला रडू आलं. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, ते तेव्हाही कळलं नाही. मी विचारलं, "भेटला तर काय म्हणाल?"

"काय म्हणणार? म्हणीन, सखाराम, दिसलं व्हतं मला."

त्यानंतर अप्पा आणखी काही हंगाम आमच्याबरोबर हिंडले. गुडघे गेले, तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांना दोरीभोवती फिरवायचो. पोरं हसायची. विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच हिवाळ्यात अप्पा गेले. मुलाला तार केली, तो आला नाही. आम्हीच सगळं केलं. जिनिंगही पुढे बंद पडलं.

मी अजून सामने बघायला जातो. सुरू होण्याआधी दोरीभोवती एक फेरी मारतो, लोकांचे हात बघत. सखाराम भेटला तर अप्पांचा निरोप सांगायचा आहे. पूर्ण्याचे ते पंच कुठे असतात, त्याचीही चौकशी करतो.