सुई स्थिर आहे

आमच्या चुंबकीय निरीक्षण केंद्रात लोखंड नेण्यास सक्त मनाई आहे. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं दाराबाहेरच्या लाकडी खोक्यात ठेवूनच मी बावीस वर्षं आत जातो. कणा बाहेर ठेवायची वेळ कधी आली नाही. तो माझ्याकडे नव्हताच.

काम सोपं. तासातासाला सुई किती सरकली ते नोंदवहीत लिहायचं. दुपारी ती जरा जास्त सरकते. नवे साहेब आले, त्यांना हे खटकलं.

"दुपारीच का हलते?"

"उन्हानं वरच्या हवेत विजेचे प्रवाह सुरू होतात, साहेब. त्यानं पृथ्वीचं चुंबकत्व किंचित बदलतं."

"मग प्रत्येक हालचालीचा लेखी खुलासा जोडत चला. तीन प्रतींत."

आठवडाभर मी सूर्याच्या वतीनं खुलासे लिहिले. आठव्या दिवशी हात टेकले आणि लिहिलं, 'सुई स्थिर.' खुलासा लागला नाही. मग रोज तेच. वर्षअखेरीस 'सर्वाधिक स्थिर केंद्र' म्हणून आम्हाला ढाल मिळाली. ती लोखंडी निघाली, त्यामुळे खोक्यातच ठेवावी लागली.

गेल्या मंगळवारी भरदुपारी सुई पिसाळली. वर चुंबकीय वादळ उठलं होतं. अशा वेळी वीजकेंद्राला ताबडतोब कळवायचा नियम आहे. पण वर्षभर न हललेली सुई आज नाचतेय, हे कोणत्या तोंडानं कळवणार? जुन्या नोंदी उकरल्या गेल्या असत्या. मी लिहिलं, 'सुई स्थिर.'

अर्ध्या तासात शहराची वीज गेली. वीजकेंद्रात माझा सख्खा मेहुणा ड्यूटीवर होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत ट्रान्सफॉर्मर जळाला. "आकाशातल्या गडबडीनं तारांत भलताच करंट आला," असा जबाब त्यानं दिला. चौकशी समितीनं माझी वही मागवली. आकाश निर्दोष सुटलं, मेहुणा निलंबित झाला.

"अहो, सुई खरंच हलली नव्हती?" बायकोनं विचारलं.

"वहीत तसं काही नाही."

"वहीचं नाही विचारत. माझ्या भावाच्या घरी चूल पेटायचं विचारतेय."

लाज वाटली हो. सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, सुई हलली होती."

"लेखी द्या. वर्षभरातल्या प्रत्येक तासाचा खुलासा. तीन प्रतींत."

मी परत आलो, बक्कल काढलं, आत गेलो आणि लिहिलं, 'सुई स्थिर.'

माझ्या नावानं खुशाल बोटं मोडा. पण आज ऑफिसात पावणेअकराला पोचून हजेरीपटावर दहा कुणी लिहिलं? असू दे, मी खुलासा मागत नाही.